तुम्ही विचारलंत म्हणून: यमू निघून का गेली नाही?

मराठी कादंबऱ्या शिकवते म्हटल्यावर एक प्रश्न हमखास येतो. वर्गातल्या मुली विचारतात, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या बाईही विचारतात: या जुन्या कादंबऱ्यांतल्या बायका एवढं सोसत का बसतात? उठून चालू का लागत नाहीत? या प्रश्नातला राग मला आवडतो. तो त्या बाईवरच निघतो, ते मात्र लागतं.

‘पण लक्षात कोण घेतो!’ घ्या. हरिभाऊ आपट्यांनी ती १८९० पासून आपल्या ‘करमणूक’ या साप्ताहिकात क्रमशः छापली. यमू स्वतःच आपली हकीकत सांगते. नवरा रघुनाथराव शिकलेला, समजूतदार. मुंबईच्या बिऱ्हाडात तिला सुखाचे दिवस लाभतात. तो वारतो आणि सासरी शंकरमामंजींच्या राज्यात तिचं बळजबरीने केशवपन होतं. वाचणाऱ्याची नजर त्या प्रसंगावर खिळते, खिळायलाच हवी. मला मात्र मुंबईतली सुखाची पानंच जास्त घाबरवतात. तिचं लिहिणं-वाचणं, मोकळं बोलणं, सगळं एका माणसाच्या असण्यावर उभं आहे, आणि तो असेपर्यंत हे कुणाच्या ध्यानातही येत नाही.

ती जाणार कुठे होती? एकत्र कुटुंबातल्या विधवेला तेव्हा फक्त अन्नवस्त्राचा हक्क. नवऱ्याचा वाटा तिच्याकडे आला तो १९३७ च्या कायद्याने, तोही हयातीपुरता. पुनर्विवाहाचा कायदा १८५६ पासून होता. पण दुसरं लग्न केलं की पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवर पाणी सोडावं लागे. विधवांना आसरा देणारं पंडिता रमाबाईंचं शारदा सदन १८८९ मध्ये निघालं, धोंडो केशव कर्व्यांचा आश्रम १८९६ मध्ये. केशवपन झालेल्या सोवळ्या बाईला तिथवर एकटीने पोचणं किती अवघड असेल, याचा विचार करून पाहा.

“रखमाबाई ‘नाही’ म्हणाल्या नाहीत का?” असं कुणी लगेच विचारतं. म्हणाल्या. लहानपणी लावून दिलेल्या नवऱ्याकडे नांदायला जाणार नाही, म्हणून १८८४ मध्ये त्यांच्यावर दावा झाला. १८८७ मध्ये कोर्टाने सांगितलं, नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. त्यांनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. त्या हिमतीला तोड नाही. पण लग्नानंतरही त्या सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरीच वाढल्या होत्या, आणि वडिलांची मिळकत त्यांच्या नावावर होती. ‘नाही’ म्हणून त्या रस्त्यावर येणार नव्हत्या. यमूचं माहेर आठवा. आई गेलेली, घरात सावत्र आई आलेली.

मग बाई कमवू लागली की सुटली का? विभावरी शिरूरकरांनी १९३३ मध्येच याचं उत्तर देऊन ठेवलंय. ‘कळ्यांचे निःश्वास’ हा त्यांचा कथासंग्रह आला तेव्हा हे लिहिणारी बाई कोण, यावर गदारोळ उठला. टोपणनावामागे मालतीबाई बेडेकर होत्या, तेव्हाच्या बाळूताई खरे. त्यातल्या एका कथेचं नावच ‘बाबांचा संसार माझा कसा होणार?’ असं आहे. मुलगी शिकलेली, मिळवती. तिचा पगार वडिलांच्या वाढत्या संसारात जातो आणि तिचं स्वतःचं लग्न मागे पडत राहतं. पैसा ती आणते, पण त्याचं काय करायचं हे ठरवणारी ती नव्हे. ही कथा वर्गात घेतली की मुली गप्प होतात. काहींच्या घरी आजही हेच चालू असतं.

पुढच्याच वर्षी आलेल्या त्यांच्या ‘हिंदोळ्यावर’ कादंबरीत नवऱ्याने टाकलेली अचला आहे. १९३४ मध्ये मुंबई इलाख्यातल्या हिंदू बाईला घटस्फोटाचा कायदा नव्हता, तो १९४७ मध्ये झाला. काडीमोड आणि पाट, म्हणजे नवरा सोडणं आणि दुसरं लग्न करणं, ज्या जातींत रूढ होते, तिथल्या बायकांना अचलेची ही कोंडी अशी कळली नसती. त्यांच्या कोंड्या वेगळ्या, आणि त्या आपल्या कादंबरीत फार उशिरा आल्या. आमच्या अभ्यासक्रमातली ही उणीव मला सतत टोचते.

गौरी देशपांड्यांच्या कथा-कादंबऱ्यांतल्या बायका मात्र निघतात. परदेशी जातात, नोकऱ्या करतात, संसारातून उठून दुसरं आयुष्य मांडतात. तरी त्यांच्यातल्या अनेकींना कुणीतरी कर्ता, समंजस, आपल्यापेक्षा मोठा पुरुष हवासा वाटतो, असा आक्षेप त्यांच्यावर घेतला गेला. मला तो बऱ्याच अंशी पटतो, आणि म्हणूनच त्या मला खऱ्या वाटतात. त्यांची वाट ना सासऱ्याने अडवलीय, ना पैशाने. ‘का जात नाहीस?’ हे यमूला विचारायला माझी जीभ रेटत नाही. या बायकांना मी ते जरूर विचारते, कारण त्यांना जाता येतं.