सातवी बोली

२०१६ साली सांगलीच्या वखारभागातल्या एका गाळ्यात आम्ही तिघांनी दुकान मांडलं, ते बिलिंग सॉफ्टवेअरचं. हळद-बेदाण्याच्या अडत्यांच्या हिशेबपट्ट्या, उधारी, हमाली-तोलाई. तीन वर्षं दुसरं काही नाही.

मग एका व्यापारी गटाने मोबाइलवर बंद बोलीचा लिलाव मागितला. प्रत्येकाने भावाला एक लांबलचक यादृच्छिक आकडा जोडून त्याचा हॅश, म्हणजे ज्यावरून मूळ आकडा काढता येत नाही पण नंतर पडताळता येतो असा ठसा, पाठवायचा आणि वेळ संपली की सगळ्यांनी बोली उघडायची. (नुसत्या भावाचा हॅश चालत नाही, बेदाण्याचे संभाव्य भाव किती, पाचशे? क्षणात सगळे ताडून बघता येतात.)

चाचणीच्या दिवशी सात हॅश आले, उघडल्या सहाच. एकाने दोन नावांनी बोली लावल्या होत्या, २१५ आणि १९०. बाकीच्यांत वरचा भाव १८२ दिसल्यावर गडी २१५ गिळून बसला. किलोमागे पंचवीस रुपये वाचवले, नियम एकही मोडला नाही!

नेटवर्कवर दोघांनी एकमेकांची ओळख पटवायची रीत, म्हणजे नीडहॅम-श्रोडर प्रोटोकॉल, १९७८ ची. त्यातलं छिद्र संगणकशास्त्रज्ञ गॅव्हिन लोवे यांनी १९९५ मध्ये दाखवलं, हे आम्हाला ठाऊक होतं. पण तिथला शत्रू काहीही करायला तयार असतो. आमचा माणूस फक्त हिशेबी होता. त्याची गोष्ट हॅल्पर्न आणि टीग यांच्या २००४ च्या निबंधात सापडली: गुपिताचे तुकडे वाटलेले असले की दुसऱ्यांचे तुकडे घ्यावेत, आपला दाबून ठेवावा, हेच फायद्याचं. तुकड्यांची देवाणघेवाण फेऱ्याफेऱ्यांनी केली तरी शेवटची फेरी कुठली हे आधीच कळलं, तर ही टाळाटाळ मागे सरकत पहिल्या फेरीपर्यंत येते.

मग आम्ही टप्पे जुळवून लिलावाचे आराखडे तयार करणारा प्रोग्राम लिहिला. प्रत्येक टप्प्यावर प्रत्येकाला ‘गप्प बसणे’ ही चाल द्यायची. गप्प बसून कुणाचा फायदा होत असेल तर आराखडा बाद. पहिल्या रात्री त्याने शोधलेला सर्वोत्तम आराखडा: लिलावच घेऊ नये. बरोबरच होतं, कुणी फसत नाही! माल विकला गेलाच पाहिजे, ही अट आम्ही लिहायलाच विसरलो होतो.

अट घातल्यावर अनामतीचा आराखडा निघाला. बोली न उघडणाऱ्याची अनामत शेतकऱ्याला. आणि ती कमाल-किमान बोलीतला फरक गुणिले वजन, याहून जास्त हवी. पैसे अडकतात म्हणून व्यापारी कुरकुरले. शेवटी प्रत्येक लॉटला भावाचा अरुंद पट्टा ठरवला, तेव्हा अनामत आवाक्यात आली.

आज आम्ही पाच जण आहोत. गाळ्याचं भाडं मात्र अजून बिलिंगमधूनच निघतं.