पाच मीटरच्या आतलं फुलपाखरू

इंग्लंडमध्ये फुलपाखरं मोजायचे नियम आहेत, आणि ते पहिल्यांदा वाचले तेव्हा माझं डोकंच फिरलं होतं. वाट ठरलेली. एप्रिल ते सप्टेंबर, दर आठवड्याला तीच. वेळ साधारण पावणेअकरा ते पावणेचार. तापमान १३ अंशांच्या खाली असेल तर निघायचंच नाही, १३ ते १७ असेल तर चांगलं ऊन हवं. चालताना दोन्ही बाजूंना अडीच मीटर आणि समोर पाच मीटर, एवढ्यात जे दिसेल तेच मोजायचं. एरवी उन्हाळ्यात हौसेनं रानात भटकणाऱ्या माणसाला हे जाचक वाटणारच!

मागच्या आठवड्यात नॉरफकमधल्या एका कुरणावर एका सत्तरीच्या बाईंबरोबर मी ही फेरी केली. कुंपणापलीकडे काटेरी फुलावर एक पीकॉक फुलपाखरू पंख पसरून बसलं होतं. तांबडे पंख आणि चारही कोपऱ्यांत मोरपिसासारखे डोळे. मी ओरडलेच. बाईंनी पाहिलं, प्रसन्न हसल्या आणि पुढे चालू लागल्या. कागदावर काही नाही, कारण ते हद्दीबाहेर होतं. उलट पायाशी उडणारं प्रत्येक मेडो ब्राऊन त्या टिपत होत्या. हे मातकट तपकिरी, पुढच्या पंखावर नारिंगी डाग आणि त्यात एक काळा ठिपका. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी, असे गठ्ठेच्या गठ्ठे.

मी वाद घातला. त्यांचं उत्तर सरळ होतं. मोठं, भडक फुलपाखरू लांबूनही दिसतं, बारकं फक्त पायाशी आल्यावर. हद्द नसेल तर वहीत देखण्यांचीच गर्दी होणार. शिवाय यंदाचा आकडा मागच्या वर्षीच्या आकड्याशेजारी ठेवायचा, तर वाट, वेळ, हवा सगळं सारखंच हवं. अर्नी पोलार्ड या शास्त्रज्ञानं घालून दिलेली ही पद्धत १९७६ पासून देशभर चालू आहे. पावसाची आणि वाऱ्याची एवढी अनिश्चितता असलेल्या देशात साधी माणसं बिनपगारी, नेमानं चालत आली आहेत. ब्रिटनमधल्या ८० टक्के जातींची संख्या किंवा त्यांचा वावर १९७०च्या दशकापासून घटला, हे आज छातीठोकपणे सांगता येतं ते बऱ्याच अंशी या रेघांच्या बळावर. मला या चिकाटीचं मनापासून कौतुक आहे.

पण कौतुक किती करायचं? या देशात फुलपाखरांच्या जाती जेमतेम ५९. एकट्या सह्याद्रीत सव्वातीनशेच्या वर. पंखांना शेपटी असलेलं स्वॉलोटेल कुळातलं फुलपाखरू इथे एकच, तेही नॉरफकच्या पाणथळ ब्रॉड्सपुरतं, कारण त्याच्या अळ्या मिल्क पार्स्ली नावाच्या एकाच झाडावर वाढतात. जूनमध्ये ते पाहायला लोक हातभर लांब लेन्स घेऊन ब्रॉड्समधल्या हिकलिंगला येतात. आमच्या डोंबिवलीच्या गॅलरीत कढीपत्त्याच्या कुंडीवर त्याच कुळातल्या अळ्या असतात, लहानपणी हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या, आणि आई त्या काडीनं उचलून बाहेर टाकते. आपलं राज्य फुलपाखरू ब्लू मॉरमॉनही त्याच कुळातलं. राज्य फुलपाखरू घोषित करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य, २०१५ साली. इतकं भरभरून असेल तिथे मोजायचं सुचत नाही, यात काही गुन्हा नाही.

आणि आपल्याकडे कुणी बघतच नाही असं इथे कुणी म्हटलं की मला राग येतो. ठाण्याच्या ओवळेकर वाडीतल्या फुलपाखरांच्या बागेत जाऊन पाहा. आंबोलीत पावसाळ्यात जळवा झटकत फिरणारी मुलं पाहा.

तरी चतुरांची गोष्ट मनातून जात नाही. पाऊस सरला की भारतातून चतुरांचे थवे मालदीववरून समुद्र ओलांडत पूर्व आफ्रिकेकडे जातात, असं चार्ल्स अँडरसन या जीवशास्त्रज्ञानं २००९ मध्ये मांडलं. ते मालदीवमध्ये राहत होते आणि थवे कोणत्या दिवशी येतात याची वर्षानुवर्षं नोंद ठेवत होते. ज्या चतुरांमागे आपण सगळे लहानपणी मैदानात धावलो, त्यांच्या तारखा भारतातल्या किनाऱ्यावर कुणी लिहून ठेवल्या असतील का?

रत्नागिरी, सिंधुदुर्ग किंवा गोव्यात एकाच वाटेवर दरवर्षी चालून फुलपाखरांच्या वा चतुरांच्या नोंदी ठेवणारं कुणी माहीत असेल, तर जरूर कळवा. ऑक्टोबरमध्ये घरी येते आहे, तेव्हा एखादी फेरी त्यांच्याबरोबर करीन.