स्विचवरचा टायमर आणि सकाळी सातला गेलेली वीज

ऑफिसचे आयपी फोन आणि वाय-फायचे ॲक्सेस पॉइंट यांना नेटवर्क स्विचच केबलमधून वीज देतो. ती रात्री बंद, सकाळी परत चालू करायची. सिस्कोच्या कॅटलिस्ट स्विचवर ईईएमचे (स्विचमधलीच, आपोआप कमांड चालवणारी सोय) दोन ॲप्लेट, म्हणजे छोट्या स्क्रिप्ट, लिहिल्या की काम होतं. रात्रीच्या ॲप्लेटचा क्रॉन (वेळापत्रकाची ओळ) '० २२ * * १-५', म्हणजे सोमवार ते शुक्रवार रात्री दहा; सकाळचा '० ७ * * १-५', म्हणजे सकाळी सात. पहिला पोर्ट रेंजवर 'पॉवर इनलाइन नेव्हर' (वीज बंद) लावतो, दुसरा 'पॉवर इनलाइन ऑटो' (वीज चालू). कॅमेरे आणि दाराचे रीडर त्या रेंजमध्ये नकोत, हे वेगळं सांगायला नको.

गोची होते ती वीज जाऊन आल्यावर. क्रॉन ठरल्या वेळी ॲप्लेट चालवतो, बस. हुकलेली वेळ नंतर भरून काढत नाही. सातला स्विच बंद असेल तर सकाळचा ॲप्लेट त्या दिवशी चालतच नाही. एरवी त्याने काही अडत नाही, कारण उठताना स्विच स्टार्टअप कॉन्फिग, म्हणजे सेव्ह केलेली सेटिंग, वाचतो आणि त्यात पोर्ट चालूच असतात. पण रात्री अकराला कुणी भलत्याच कामासाठी 'राइट मेमरी' (चालू सेटिंग सेव्ह करणारी कमांड) मारलं, तर 'नेव्हर'ही सेव्ह होतं. मग सकाळी सगळे फोन मेलेले, आणि लोक केबल तपासत बसतात.

त्यात घड्याळ. २९६०, ३५६० सारख्या मॉडेलांत बॅटरीवरचं घड्याळ नाही. वीज आली की तारीख १ मार्च १९९३ पासून सुरू होते. एनटीपी (नेटवर्कवरून बरोबर वेळ देणारी सेवा) मिळेपर्यंत, आणि मिळालंच नाही तर पुढेही, स्विचचे रात्रीचे दहा भर दुपारी वाजू शकतात. एनटीपीचे दोन सर्व्हर द्या. 'क्लॉक टाइमझोन आयएसटी ५ ३०' विसरलात तर क्रॉन यूटीसीवर (भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे) चालेल, म्हणजे रात्रीचा ॲप्लेट पहाटे साडेतीनला.

म्हणून तिसरा ॲप्लेट हवाच: 'इव्हेंट टायमर काउंटडाउन टाइम १८०'. काउंटडाउनला तारखेशी देणंघेणं नाही. स्विच उठून ॲप्लेट रजिस्टर झाला की सेकंद मोजायला लागतो. त्यात वेळेची अट घालू नका, सरळ 'ऑटो' लावा. मध्यरात्री वीज आली तर फोन उरलेली रात्र जागे राहतील, राहू द्या. सकाळी बंद सापडण्यापेक्षा ते परवडलं. मात्र हा ॲप्लेट रात्री एडिट केला तर तो नव्याने रजिस्टर होतो आणि तीन मिनिटांत पोर्ट चालू करतो.

ॲक्शनमध्ये, म्हणजे ॲप्लेटने करायच्या कामांच्या ओळींत, पहिली कमांड 'एनेबल', मग 'कॉन्फिग टर्मिनल'. ॲक्शनचे नंबर अक्षरांसारखे लागतात: १० हा २ च्या आधी चालतो. ०१०, ०२० असे द्या. ॲप्लेटला डीफॉल्ट २० सेकंदच मिळतात. मोठ्या स्टॅकवर (एकत्र जोडलेले अनेक स्विच) काम अर्धवट तुटतं, तेव्हा 'मॅक्सरन ६०' लावा. टॅकॅक्सवर (कुणाला काय परवानगी हे ठरवणारा सर्व्हर) कमांड ऑथरायझेशन असेल तर 'इव्हेंट मॅनेजर सेशन सीएलआय युजरनेम' द्या, नाहीतर प्रत्येक कमांड नाकारली जाते. ईईएमला कमांड चालवायला एक व्हीटीवाय लाइनही (दूरून लॉगिन करायला वापरतात ती) लागते. सगळ्या लाइन अडकलेल्या असतील तर ॲप्लेट सुरू होतो, कमांड मात्र चालत नाहीत.

चाचणीसाठी त्याच ॲक्शनचा 'इव्हेंट नन' (आपोआप न चालणारा) ॲप्लेट करा, 'इव्हेंट मॅनेजर रन'ने हाताने चालवा, आणि 'शो इव्हेंट मॅनेजर हिस्टरी इव्हेंट्स' बघा. नंतर ऑफिस सुटल्यावर एकदा स्विचची वीज खरोखर काढून लावा.