मयत कोण, मॅडम?

‘मयत कोण, मॅडम?’

जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीवरच्या मुलाने फॉर्म पुढे सरकवता सरकवता विचारलं. मी म्हटलं, ‘मीच. पण अजून व्हायचेय.’

त्याने मान वर केली, माझ्याकडे पाहिलं, हातातल्या कागदांकडे पाहिलं आणि मागे वळून हाक मारली, ‘साहेब, जरा बघता का?’

माझ्या हातात लिव्हिंग विल होतं. मराठीत त्याला कुणी वैद्यकीय इच्छापत्र म्हणतं, कुणी जिवंतपणीचं इच्छापत्र. आपल्याला बोलता येणार नाही, बरं होण्याची आशाही उरणार नाही, अशा वेळी कोणते उपचार हवेत आणि कोणते नकोत, हे शुद्धीत असताना लिहून ठेवायचं. त्याची एक प्रत महापालिकेने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे जपायला द्यायची असते, आणि तो अधिकारी कुठे बसतो हे विचारत मी त्या दिवशी तिसऱ्या खिडकीवर पोचले होते.

हे सगळं सुरू झालं दादामुळे. २०२३च्या पावसाळ्यात त्याला मेंदूत मोठा रक्तस्राव झाला. एकोणीस दिवस आयसीयूत होता. जेवताना तो नेहमी म्हणायचा, ‘मला नळ्याबिळ्या लावू नका रे.’ सगळ्यांनी ऐकलेलं, पण पहिल्या रात्री दोन वाजता डॉक्टरांनी विचारलं, ‘व्हेंटिलेटर लावायचा ना?’ तेव्हा भाचा काय म्हणणार? ‘करा सगळं.’ बाराव्या दिवशी ट्रॅकिऑस्टॉमीची, म्हणजे गळ्याला छेद देऊन श्वासाची नळी बसवण्याची, संमती मागितली. वहिनी सहीचा कागद हातात धरून माझ्याकडे बघत होती. मी पस्तीस वर्षं बँकेत लोकांच्या सह्या तपासल्या, पण त्या दिवशी तिला ‘कर’ही म्हणू शकले नाही आणि ‘नको’ही नाही. एका ज्युनियर डॉक्टरने हळूच विचारलं होतं, ‘त्यांनी काही लिहून ठेवलंय का?’ नव्हतं.

लिहून ठेवलेलं नसतं तरी कायद्याने वाट असते, हे मला नंतर कळलं. जवळच्या नातेवाइकांच्या संमतीने, डॉक्टरांच्या मंडळांसमोर नेऊन उपचार थांबवता येतात. पण त्या रुग्णालयात तसं मंडळच कधी बसलेलं नव्हतं, आणि आम्हालाही विचारायचं सुचलं नाही.

दादाचे दिवस झाल्यावर मी वाचायला बसले. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी लिव्हिंग विलला मान्यता दिली. सन्मानाने मरणं हे घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्कातच येतं, असं पाच न्यायमूर्तींच्या पीठाने म्हटलं. मात्र कागदावर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागायची आणि पुढच्या अटी तर इतक्या, की त्या वाटेला कुणी जाईना. अखेर २४ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयाने स्वतःच त्या अटी सैल केल्या. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढ्यावर भागतं. म्हणजे दादा आजारी पडला तेव्हा ही सोय पाच-सहा महिने जुनी होती. आमच्या घरात रोज दोन वर्तमानपत्रं येतात.

केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग मात्र मला आधीपासून माहीत होत्या. मी परळच्या शाखेत होते तेव्हा केईएमच्या कितीतरी परिचारिकांची खाती आमच्याकडे होती. १९७३ साली हल्ला झाल्यापासून १८ मे २०१५ रोजी जाईपर्यंत अरुणाताई तिथे पडून होत्या आणि परिचारिकांच्या एकामागून एक पिढ्यांनी त्यांना घरच्यासारखं सांभाळलं. अन्न बंद करू द्या ही याचिका २०११मध्ये फेटाळली गेली तेव्हा त्या बायकांना आनंद झाला होता. निष्क्रिय इच्छामरणाचं, म्हणजे उपचार थांबवून मरण येऊ देण्याचं, दार मात्र त्याच निकालाने किलकिलं झालं. काउंटरवर एकदा एका सिस्टरने मला सुनावलं होतं, ‘ताई, तुम्ही लांबून बोलता. आम्ही तिला रोज न्हाऊ घालतो.’ तिचं बरोबर होतं. फक्त अरुणाताईंना स्वतःला काय हवं होतं, हे सांगणारा कागद कुणाकडेच नव्हता.

मी एका रविवारी बसून मसुदा लिहिला. एकच वाक्य, ‘मला नळ्या लावू नयेत.’ तो घेऊन आमच्या डॉक्टरांकडे गेले. ते तीस वर्षं आमच्या घराला बघताहेत, त्यामुळे भीड ठेवत नाहीत. त्यांनी चष्मा काढला.

‘कुठली नळी?’

‘म्हणजे?’

‘सलाईनची? नाकातली? लघवीची? व्हेंटिलेटरची? उद्या तुम्हाला न्यूमोनिया झाला, चार दिवस व्हेंटिलेटर लावला आणि तुम्ही उठून घरी गेलात, तर ती नळी नको होती का?’

मला उत्तर देता येईना. मग त्यांनी समजावलं. चांगलं होण्यासारखं असेल तेव्हा हा कागद कपाटातच राहतो. आजार शेवटच्या टप्प्याचा आहे, बरं होण्याची आशा नाही आणि रुग्ण स्वतः निर्णय घेऊ शकत नाही, हे ठरल्यावरच तो उघडायचा. तेही एकट्या डॉक्टरच्या मनाने होत नाही. उपचार करणारा डॉक्टर आणि किमान पाच वर्षांचा अनुभव असलेले दोन तज्ज्ञ मिळून पहिलं मंडळ होतं. त्यांच्यावर दुसरं मंडळ, त्यात एक डॉक्टर जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने सुचवलेला. दोघांनीही शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं. उपचार काढण्यापूर्वी न्यायदंडाधिकाऱ्याला कळवायचं. इंजेक्शन देऊन मरण आणणं यात कुठेच बसत नाही, तो आजही गुन्हाच आहे. सोसायटीतल्या निम्म्या लोकांना वाटतं की हा कागद केला की हॉस्पिटलवाले दारातूनच परत पाठवतील. मलाही थोडंसं तसंच वाटत होतं.

त्यांनी सांगितलेली एक गोष्ट मला फार पटली. आयसीयूत आता मुदतीचा प्रयत्न करायची पद्धत येते आहे. उपचार सुरू करायचे, पण सुरुवातीलाच ठरवायचं की अमुक दिवसांनी थांबून बघू. सुधारणा दिसली तर पुढे, नाही तर आणखी वाढवायचं नाही. दादाच्या वेळी असं कुणी बोललंच नाही. सुरू केलेलं काढायचं कसं, याच्या धास्तीने एकावर एक चढत गेलं. मुदत ठेव आपोआप रिन्यू होत राहावी तसं. मी मसुद्यात लिहिलं: बरं होण्याची शक्यता असेल तर व्हेंटिलेटर, डायलिसिस जरूर करा, पण मुदत ठरवून. आशा नाही असं ठरलं तर दोन्ही नको, छाती दाबून हृदय चालू करणंही नको. वेदना मात्र शेवटपर्यंत थांबवा, मॉर्फिन लागलं तर मॉर्फिन द्या. हे शेवटचं डॉक्टरांनी मुद्दाम घालायला लावलं. ‘नको त्याची यादी सगळे करतात. काय हवं ते कुणी लिहीत नाही.’

नाकातल्या अन्नाच्या नळीपाशी मी अडले. उपाशी ठेवायचं कसं? आई विनोबांची गोष्ट सांगायची. १९८२च्या नोव्हेंबरात पवनारला त्यांनी अन्न आणि औषध दोन्ही नाकारलं आणि शांतपणे गेले. आईला त्याचं केवढं कौतुक! पण ती स्वतः आजारी पडल्यावर आम्ही वाटी-चमचा घेऊन तिच्या मागे असायचो. डॉक्टर म्हणाले, शेवटी शेवटी शरीरालाच अन्न नको असतं, बळेच भरवलं तर ते फुप्फुसात जायची भीती. डोक्याला पटलं. हाताने मात्र लिहिलं, ‘अन्नाची नळी असू द्यावी.’

संमती द्यायला कुणाची नावं घालायची, यात सगळ्यात जास्त दिवस गेले. बँकेत आम्ही लोकांना सांगायचो, नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, तो विश्वस्त. इथेही तेच. मुलगा टोरांटोला. फोनवर लगेच ‘हो’ म्हणाला, इतकं लगेच की मलाच वाईट वाटलं. मुलगी ठाण्यात, हाकेच्या अंतरावर. तिने कागद वाचला, घडी घातली आणि परत दिला.

‘आई, मी नाही सही करणार. मी तिथे उभी राहून बंद करा म्हणू?’

‘तू नाही म्हणायचंस. मीच म्हटलेलं असेल, तू फक्त वाचून दाखवायचंस.’

‘मग पोस्टमन ठेव.’

आठ दिवस आम्ही फक्त भाजी, गॅस आणि पावसावर बोललो. शेवटी दादाची मुलगी आपणहून आली. ‘आत्या, माझं नाव घाल. मी ते एकोणीस दिवस पाहिलेत.’ मुलीने हे ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी फोन केला, ‘माझंही घाल. ताईच्या खाली.’ दोन्ही नावं आहेत, त्याच क्रमाने.

पुढचा भाग सोपा आणि थोडा विनोदी. साक्षीदार शक्यतो नात्यागोत्याबाहेरचे हवेत, म्हणून शेजारच्या काकांना आणि सोसायटीच्या सेक्रेटरींना बोलावलं, पोहे केले. काका सही करताना म्हणाले, ‘वहिनी, तब्येत ठीक आहे ना?’ कोर्टाबाहेरच्या नोटरीला ते मृत्युपत्र वाटलं. ‘फ्लॅट कुणाला ते राहिलंय यात.’ मग त्याने स्टँप पेपर आणायला सांगितलं. मी म्हटलं, साहेब, फ्लॅटच्या मृत्युपत्रालासुद्धा स्टँप लागत नाही. त्याने पूर्ण वाचलं, लाल शिक्का मारला आणि म्हणाला, ‘मॅडम, याची एक झेरॉक्स मी ठेवू का? माझ्या वडिलांसाठी.’

अडलं ते महापालिकेतच. निकालाप्रमाणे प्रत जपायला प्रत्येक स्थानिक संस्थेने अधिकारी नेमायचा आहे. सुरुवातीला ते झालंच नव्हतं. मुंबईचे डॉ. निखिल दातार त्यासाठी उच्च न्यायालयात गेले, आणि मग राज्यात असे अधिकारी नेमले गेले. आमच्याकडेही नेमलेला होता. फक्त ते त्याच्या शेजारच्या टेबलाला ठाऊक नव्हतं. पहिल्या दिवशी मला विवाह नोंदणीकडे पाठवलं, दुसऱ्या खेपेला विधी विभागाकडे, तिसऱ्या खेपेला मयताच्या खिडकीकडे. तिथल्या साहेबांनी मात्र मन लावून वाचलं, दोन फोन केले आणि स्वतः जिना चढून मला योग्य टेबलापाशी सोडलं. तिथे नवी कोरी नोंदवही होती. माझा नंबर तिसरा. माझ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि गोल शिक्का मी मागून घेतला; पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही, ही नोकरीची सवय.

एक प्रत डॉक्टरांकडे, एकेक दोघी मुलींकडे, एक आधारकार्डाच्या झेरॉक्सबरोबर पर्समध्ये. पीडीएफ घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली. त्यावर मावसबहिणीने ‘वाढदिवसाच्या शुभेच्छा’चा केक पाठवला. तिने उघडून बघितली नसावी.

पेन्शनसाठी नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. त्याच दिवशी हा कागदही काढून वाचायचा, असं मी ठरवलंय. गेल्या नोव्हेंबरात वाचला आणि अन्नाच्या नळीच्या ओळीवर थांबले. वर्षभरात वहिनीची आई गेली, घरी, पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे त्रास कमी करणाऱ्या शुश्रूषेच्या, नर्सच्या देखरेखीखाली. शेवटचे पाच दिवस ओठ ओल्या कापसाने टिपण्यापलीकडे कुणी काही केलं नाही, आणि ती उपाशी गेली असं आमच्यापैकी कुणाला वाटलं नाही. मी ती ओळ बदलली. बदल करायचा तर सगळं पुन्हा करावं लागतं: साक्षीदार, पोहे, नोटरी, महापालिका.

टेबल आता माहीत होतं, पण जिन्याकडे जायची वाट त्या खिडकीवरूनच जाते. मुलाने ओळखलं.

‘मॅडम, तुम्ही? अजून नाही ना...’

‘नाही रे,’ मी म्हटलं. ‘दुरुस्ती आहे.’