मायक्रोसॉफ्टवरचे आरोप: कोणते जुने झाले, कोणते अजून उभे आहेत

ठाण्यात नौपाड्याला मी 1994 पासून मराठी डीटीपीचे काम करते. लग्नपत्रिका, गृहनिर्माण संस्थांचे वार्षिक अहवाल, दिवाळी अंकांची पाने असे हे काम आहे आणि ते सगळे विंडोजवर झाले आहे. माझा भाचा ऐरोलीच्या एका कंपनीत सर्व्हर सांभाळतो. मायक्रोसॉफ्टचे नाव निघाले की त्याच्याकडे आरोप तयार असतात, आणि गेल्या रविवारी जेवणानंतर आमचा हा वाद बराच रंगला. बोलण्याच्या ओघात माझे म्हणणे अर्धवट राहिले, म्हणून ते इथे मांडते.

त्याने सुरुवात 19 जुलै 2024 पासून केली. त्या दिवशी जगभरातल्या विमानतळांवर, बँकांत आणि रुग्णालयांत निळे पडदे दिसले आणि पुष्कळांनी दोष मायक्रोसॉफ्टला दिला. प्रत्यक्षात चूक क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटची होती. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे त्यामुळे सुमारे 85 लाख संगणक बंद पडले. मी हे सांगितल्यावर भाचा म्हणाला, "मावशी, चूक दुसऱ्याची असेल, पण सगळीकडे एकच सिस्टीम आहे म्हणून तर एवढं थांबलं ना?" त्याचे हे म्हणणे मला पटले. मात्र हा आरोप एकवटलेल्या सत्तेचा आहे, निकृष्ट कामाचा नाही, आणि या दोन गोष्टींची गल्लत आपण नेहमी करतो.

व्हायरसचा आरोप एके काळी खरा होता. 2001 साली आलेल्या विंडोज एक्सपीत फायरवॉल, म्हणजे बाहेरून होणारी घुसखोरी अडवणारी भिंत, आपोआप चालू होऊ लागली ती थेट 2004 च्या सर्व्हिस पॅक 2 या मोठ्या अपडेटपासून. पण मे 2017 मध्ये फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा वॉनाक्राय पसरला, तेव्हा त्यावरची दुरुस्ती मार्चमध्येच उपलब्ध झालेली होती आणि कित्येक ठिकाणी ती बसवलेलीच नव्हती. तिथे बोट दुसरीकडेही दाखवावे लागते.

मक्तेदारीच्या आरोपाला उत्तर म्हणून 'यशस्वी माणसावर लोक जळतातच' असे म्हटले जाते, ते मात्र मला मान्य नाही. संगणक बनवणाऱ्यांशी मायक्रोसॉफ्टने असे करार केले होते की विकल्या जाणाऱ्या प्रत्येक प्रोसेसरमागे पैसे द्यायचे, मग त्या यंत्रात विंडोज असो वा नसो. अशा स्थितीत दुसरी प्रणाली घालणाऱ्याला दोनदा खर्च पडणार, हे उघड आहे. 1994 च्या तडजोडीत हे करार थांबवणे कंपनीला भाग पडले. पुढे 1998 साली अमेरिकी सरकारने ब्राउझरवरून खटला भरला. 2000 साली न्यायाधीशांनी कंपनीचे दोन तुकडे करण्याचा आदेश दिला आणि 2001 साली अपील न्यायालयाने तो रद्द केला, एवढे बहुतेकांना आठवते. मक्तेदारी टिकवण्यासाठी बेकायदा मार्ग वापरल्याचा निष्कर्ष त्याच अपील न्यायालयाने कायम ठेवला, हे मात्र सहसा सांगितले जात नाही. मोठे असणे हा गुन्हा ठरला नव्हता. दुसऱ्याला मोठे होऊ न देणे हा ठरला होता.

आता माझ्या कामाशी जोडलेली गोष्ट. नव्वदच्या दशकात मराठी फॉन्ट बनवणारी प्रत्येक कंपनी आपापली सांकेतिक रचना वापरत असे. एकीचा 'क' दुसरीकडे भलतेच चिन्ह होऊन उमटे, आणि प्रिंटरच्या पोर्टला डोंगल, म्हणजे किल्लीसारखे काम करणारे छोटे उपकरण, लावल्याशिवाय सॉफ्टवेअर उघडत नसे. माझ्याकडच्या एका छोट्या कंपनीचे डोंगल 1999 मध्ये निकामी झाले, तोपर्यंत ती कंपनीही बंद झाली होती, आणि चार वर्षांचा मजकूर माझ्याच डिस्कवर असून मला वाचता येईना. त्या मजकुरातले जे छापील स्वरूपात हाती लागले, ते मी पुन्हा अक्षर अक्षर टंकले. त्यानंतर विंडोज 2000 मध्ये युनिकोड, म्हणजे सर्वांसाठी एकच असलेली सांकेतिक रचना, वापरणारी देवनागरी आणि मंगल फॉन्ट आला. युनिकोड ही काही एकट्या मायक्रोसॉफ्टची निर्मिती नाही, पण आमच्या टेबलापर्यंत ती पोचली ती विंडोजमधून, आणि याबद्दल मला मनापासून कृतज्ञता वाटते. छपाईसाठी आम्ही पुढेही कित्येक वर्षे जुनेच फॉन्ट वापरले, कारण पाने मांडण्याच्या पेजमेकर या सॉफ्टवेअरला युनिकोड देवनागरी पेलत नव्हती.

त्या अनुभवामुळे माझी कसोटी ठरली आहे: माझा मजकूर ज्या स्वरूपात साठवला जातो, ते कंपनीच्या मदतीशिवाय दुसऱ्याला वाचता येते का? छोट्या कंपनीला जी लावली तीच कसोटी मोठ्या कंपनीला लावायला हवी. वर्डच्या जुन्या डॉक फाइलचे तपशील सर्वांसाठी खुले झाले ते 2008 साली. ओडीएफ हे खुले स्वरूप 2006 मध्येच आंतरराष्ट्रीय मानक झालेले असताना मायक्रोसॉफ्टने स्वतःचे वेगळे स्वरूप पुढे आणले; वर्डची डॉकएक्स फाइल त्यातलीच. त्याचा पहिला दस्तऐवज सुमारे 6000 पानांचा होता, आणि भारतीय मानक ब्युरोने त्याच्या विरोधात मत दिले. तरीही 2008 साली ते मानक झाले. त्या मानकाचे काटेकोर आणि जुन्या वर्डशी जुळवून घेणारे असे दोन प्रकार आहेत, आणि वर्ड आपणहून दुसऱ्या प्रकारात फाइल साठवते. माझ्या मते सगळ्या आरोपांत फाइलच्या स्वरूपाचा हा आरोप सर्वांत भक्कम आहे, आणि तोच सर्वांत कमी बोलला जातो.

विंडोज 10 ला कंपनीकडून मिळणारा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला आणि विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय यंत्रात असावी लागते, त्यामुळे धडधाकट यंत्रे अधिकृत यादीबाहेर पडली, यावर आम्हा दोघांचे एकमत झाले.

निघताना भाच्याने विचारले, "मग तू गिऱ्हाइकाला फाइल कशात पाठवतेस?" मी डॉकएक्समध्येच पाठवते, कारण समोरच्याकडे तेच उघडते आणि तो मला त्यातच परत पाठवतो. माझ्यापाशी राहणारी प्रत मात्र मी ओडीएफमध्ये ठेवते. चप्पल घालता घालता तो म्हणाला की मोकळेपणाने बोलायचे तर त्याच्याही कार्यालयात असेच चालते.