तुम्ही विचारलंत म्हणून: इटलीत त्रानीच का?

इटलीला निघालेलं ओळखीतलं कुणी भेटलं की मी बारी शहराजवळच्या त्रानी या दक्षिण इटलीतल्या बंदरगावाचं नाव घेते, आणि पुढचा प्रश्न ठरलेला असतो: ‘रोम, व्हेनिस सोडून तिथं जायचं? आहे काय तिथं?’

एक कॅथेड्रल, म्हणजे बिशपचं मुख्य चर्च आहे, समुद्राला अगदी खेटून. ते ज्याच्या नावानं उभं राहिलं, त्याच्यासाठी मी तुम्हाला तिथं पाठवते.

1094 साली निकोला नावाचा एक ग्रीक पोरगा त्रानीला येऊन पोचला. घरी असताना मेंढ्या राखायचा. तोंडी अखंड एकच जप, ‘किरिए एलेइसोन’, प्रभो, दया कर. लोकांनी त्याला वेड्यात काढलं, मठातल्या साधूंनीसुद्धा मारलं. त्रानीत मात्र पोरं त्याच्यामागून जप करत फिरली, बिशपनं त्याला आसरा दिला. थोड्याच दिवसांत तो वारला. पाच वर्षांच्या आत चर्चनं त्याला संत ठरवलं आणि 1099 मध्ये कॅथेड्रलचं काम सुरू झालं.

यात चढाओढही होती. शेजारच्या बारीत 1087 साली खलाशांनी आजच्या तुर्कस्तानातल्या मायरा गावाहून संत निकोलसच्या अस्थी आणल्या होत्या, तिकडे यात्रेकरूंची रीघ लागली होती. निकोला म्हणजे निकोलसच, आणि त्रानीलाही स्वतःचा निकोलस हवा होता. हे मला पटतं. तरीही ज्याला सगळीकडून हाकललं, त्याच्यासाठी एका व्यापारी बंदरानं आपला सगळ्यात चांगला दगड लावला, याचं मोल माझ्या लेखी कमी होत नाही. नामस्मरणाच्या परंपरेत वाढलेल्या आपल्या माणसाला तर हा पोरगा चटकन कळतो.

दगड त्रानीचाच, पांढऱ्यावर गुलाबी झाक असलेला. संध्याकाळी अख्खी भिंत रंग बदलते. आत फारशी सजावट नाही, उंच खांब आणि उघडा दगड. बारीसानो या इथल्याच कारागिरानं बाराव्या शतकात ओतलेलं काशाचं दार आता आत जपून ठेवलंय. त्याच्यापुढं वेळ काढा, एकेका चौकटीत वेगळी आकृती आहे. मग खाली उतरा. वरच्या चर्चखाली दुसरं चर्च, त्याच्याही खाली संत लेउचोचं भुयार, समुद्राच्या पातळीपेक्षा खोल.

शेजारचा किल्ला सम्राट फ्रेडरिक दुसरा यानं 1233 मध्ये बांधायला घेतला. 1974 पर्यंत तिथं तुरुंग होता. ओझरता पाहिलात तरी चालेल.

ज्यूंची जुनी वस्ती मात्र चुकवू नका. बाराव्या शतकातला ज्यू प्रवासी, स्पेनमधल्या तुदेलाचा बेंजामिन, इथल्या मोठ्या ज्यू समाजाची नोंद करतो, आणि जेरुसलेमचे यात्रेकरू या बंदरात जमतात असंही लिहितो. पुढं इथल्या सिनेगॉगांची, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळांची, चर्च झाली, 1541 मध्ये त्रानी ज्यात होतं त्या नेपल्सच्या राज्यातून ज्यूंना घालवून दिलं. त्यातलं स्कोलानोव्हा हे सिनेगॉग एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला पुन्हा ज्यू प्रार्थनेसाठी उघडलं. परक्या पोराला संत करणारं गाव आपल्याच शेजाऱ्यांना राखू शकलं नाही, हेही त्याच गल्ल्यांत दिसतं. मला दोन्ही एकत्र पाहावीशी वाटतात.

बारीहून साधी लोकल गाडी मिळते, तासाभराच्या आत पोचाल. पण सकाळी जाऊन दुपारी परतू नका, एक रात्र राहाच. संध्याकाळी बंदराच्या धक्क्यावर गावकरी फिरायला निघतात, तुम्हीही त्यांच्यासोबत चाला.