नऊ मिलिमीटर आणि टपावरचा पोचा

गाडीच्या टपावरचं जुनं कॅरिअर काढलं तेव्हा वजनकाट्यावर ठेवून बघितलं. २४ किलो! गाडीच्या पुस्तकात टपावर जास्तीत जास्त ७५ किलो लिहिलंय, आणि त्यात कॅरिअरचं वजनही धरायचं असतं. म्हणजे इतकी वर्षं सामानासाठी माझ्याकडे ५१ किलोच होते आणि मी खुशाल पोती लादत होतो. शिवाय हे ७५ किलो चालत्या गाडीचे. उभ्या गाडीचा टप त्याहून बराच जास्त भार पेलतो, म्हणून 'मी वर उभा राहिलो, काही झालं नाही' या पुराव्याला अर्थ नाही.

पण खरं कारण वजन नव्हतंच. तो लोखंडी पिंजरा टपापासून २३ सेंटिमीटर वर जायचा आणि पार्किंगच्या दारातून गाडी आत घेताना मी दर वेळी उगाचच मान खाली घालायचो. तेव्हा ठरवलं, बसकं कॅरिअर करायचं. टपाला चिकटून बसलेलं वाटलं पाहिजे.

बऱ्याच गाड्यांना टपाच्या दोन्ही कडांना, प्लास्टिकच्या पट्टीखाली कंपनीने बोल्टसाठी आटे दिलेले असतात. माझ्या गाडीला एका बाजूला तीन, असे सहा निघाले. त्यामुळे टपाला एकही भोक पाडावं लागलं नाही, आणि भोक नाही म्हणजे गळतीची काळजी नाही. ६ मिलिमीटर जाडीच्या ॲल्युमिनियम अँगलचे सहा पाय कापले, कानशीने कडा मारल्या, खाली रबर घातलं. वर २० बाय ४० मिलिमीटरचं ॲल्युमिनियम प्रोफाइल, म्हणजे लांबीभर खाचा असलेली तयार पट्टी: दोन लांब, पाच आडव्या. सगळं मिळून ९ किलो. वेल्डिंग नाही, नुसता पाना.

आता माझा शहाणपणा. प्रोफाइल आडवं झोपवलं तर उंची २० मिलिमीटर, उभं ठेवलं तर ४०. मी अर्थातच झोपवलं. टप सपाट नसतो, त्याला बाक असतो. कडेपेक्षा मध्य किती वर आहे हे बघायला आडवी दोरी ताणून, पाणसळ लावून मापलं. २८ मिलिमीटर. कडेला ३७ ची उंची ठेवली, म्हणजे मधोमध ९ मिलिमीटर फट उरली. टपाच्या मध्यापासून कॅरिअरचा माथा जेमतेम २९ मिलिमीटर! दिवसभर लांबून बघत होतो. मेहुणा म्हणाला, "दाजी, हे कॅरिअर आहे की स्टिकर?"

पहिल्याच फेरीत स्टेपनी मधल्या आडव्या पट्टीवर बांधली. एक गतिरोधक जरा जोरात गेला आणि वरून 'डब्' असा आवाज आला. उतरून बघतो तर पट्टीखाली पोचा.

गणित घरी आल्यावर केलं, जे आधी करायला हवं होतं. ११० सेंटिमीटरच्या झोपवलेल्या प्रोफाइलवर मधोमध २० किलो ठेवले तर ते साधारण ५-६ मिलिमीटर वाकतं. उभ्या गाडीत ९ ची फट पुरते. पण गाडी आदळली की तेच वजन क्षणभर दुप्पट होतं, वाकही दुप्पट, आणि फट संपते. तेच प्रोफाइल उभं केलं की वाक पावभागाच्या आसपास येतो. धातू तेवढाच, वजन तेवढंच, फक्त कूस बदलायची.

मग सगळं उभं केलं आणि पायांखाली ११ मिलिमीटरच्या चकत्या घातल्या. मध्याला २० ची फट, वर ४० चं प्रोफाइल, एकूण ६० मिलिमीटर. मेहुण्याचा स्टिकर गेला, पण २३ सेंटिमीटरच्या पुढे ६ म्हणजे चैनच.

हे उलगडताना एक स्टेनलेस नट बोल्टवरच जाम झाला. ना पुढे ना मागे. स्टेनलेसवर स्टेनलेस कोरडं आवळलं की आटे एकमेकांना धरून बसतात. ग्राइंडरने कापावा लागला. आता प्रत्येक बोल्टला अँटीसीझ, म्हणजे आटे जाम होऊ न देणारं ग्रीस लावतो. तेच ग्रीस स्टेनलेस आणि ॲल्युमिनियमच्या सांध्यातही लावतो, नाहीतर पाणी शिरलं की ॲल्युमिनियमला पांढरी भुकटी सुटते. पहिल्या १०० किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा तपासले. चार सैल निघाले.

आणि आवाज. ताशी ७० च्या पुढे बारीक शीळ, ९० ला तिच्याखाली एक जाड घुमारा. शीळ खाचांची होती. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारावी तशी वाऱ्याने वाजत होती. खाचांत रबराची पट्टी कोंबली, टोकांना टोप्या लावल्या, शीळ गेली. घुमारा मात्र पुढच्या आडव्या पट्टीचा. तिच्यामागे वाऱ्याचे भोवरे एकदा वरून, एकदा खालून ठराविक तालात सुटतात. कारखान्याच्या उंच चिमणीला वरच्या भागात गोल फिरत गेलेली पट्टी असते ना, ती हाच ताल मोडायला. मी पुढच्या पट्टीला ६ मिलिमीटरची नायलॉनची दोरी हातभर अंतराने पीळ देत गुंडाळली. दिसायला भिकार, पण ९० ला आता रेडिओ ऐकू येतो. मागच्या चार पट्ट्यांना तशी गरज पडली नाही.

सामान नसेल तेव्हा कॅरिअर उतरवून ठेवावं, असं मीच सगळ्यांना सांगतो, कारण वेग वाढला की वाऱ्याचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. माझं तीन महिने वरच आहे. काढलं तर पोचा दिसतो. गाडी धुतली की त्यात चमचाभर पाणी साठतं आणि मुलगी ते बोटाने उडवते.